पंचमीच्या आत फटफटी

२१ जुलै १९५७, रविवार.
आमचा मेव्हणा वैजीनाथ बोरीहून दमणी जुंपून आला. त्याच्या बहिणीला, म्हणजे आमच्या कमलला, पंचमीला माहेरी न्यायला. दमणी तशीच रिकामी परत पाठवली. तहसीलमधल्या कारकुनाची बायको बैलांच्या शेपट्या बघत माहेरी जाणार? मग माझ्या फटफटीचं काय लोणचं घालायचं? वैजीनाथ म्हणाला, तिची साखळी लोंबायलीय की दाजी. म्हटलं, नवी साखळी हैदराबादहून येऊन पडली आहे. बदलायला एक सकाळ पुरे. तो हसला. हसण्यासारखं काय होतं?

दोन पंचम्या झाल्या, कमल माहेरी गेलेली नाही. एकदा मी नको म्हटलं, एकदा मला टायफॉइड. यंदा तिच्या आईची नजर अधू झाली आहे, चेहरा पुसट दिसतो म्हणे. पार दिसेनासं व्हायच्या आत लेकीने यावं असा निरोप आहे. येईल ना! फटफटीवर येईल. सगळी बोरी बघेल.

२२ जुलै, सकाळी.
साखळी काढली. अगदी पोरखेळ. लोक उगाच मेकॅनिकच्या पाया पडतात. मागचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, तेही बदललं. आता फक्त पुढचं.

संध्याकाळी.
पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे बसवलेलं आहे. अख्खा क्लच काढल्याशिवाय निघतच नाही! ज्या इंग्रजाने ही अक्कल चालवली त्याच्या देशाला आपण हाकलून दिलं ते उत्तम झालं.
असो. क्लचच्या नव्या चकत्याही दुकानदाराने गळ्यात मारल्या आहेतच. एकदाच सगळं करून टाकू. उद्या दुपारपर्यंत.

२४ जुलै.
क्लचचं झाकण उघडलं. आतलं काळं तेल भळाभळा अंगणात. कमलने सकाळीच पंचमीसाठी सारवलं होतं. आधी सारवायचं कशाला मी म्हणतो? कामाचा क्रम म्हणून काही असतो की नाही? वर तोंड एवढंसं करून पुन्हा शेण कालवायला बसली. मला असल्या अबोल रागाचा फार संताप येतो.
कचेरीत पोटदुखी कळवली.

२५ जुलै.
क्लचचा मोठा नट निघत नाही. पान्याने फिरवावं तर त्याच्याबरोबर सगळंच फिरतं. दात्यांमध्ये मुसळ अडकवलं. मुसळ मोडलं. हल्लीचं लाकूड. शेजारच्या धुरपदाबाईंचं मागितलं, त्यांनी चक्क नाही म्हटलं. शेजारधर्म म्हणून काही उरलेला नाही.
कमल म्हणाली, बोरीला बस जाते, तिनं जाते. मी म्हटलं, खबरदार.

२७ जुलै.
नट निघाला! छिन्नीने. आता तो नटासारखा दिसत नाही, पण निघाला. त्याबरोबर आतल्या स्प्रिंगा उडाल्या. एक गोवऱ्यांच्या ढिगात गेली. कमलने अख्खी दुपार ढीग उपसला आणि शोधून दिली. मी तिला म्हणतच होतो, तिथंच असेल.
भाकरीची परात मी घेतली आहे. सुटे भाग ठेवायला दुसरं काही घरात नाही. त्यावरून जेवायला उशीर. या घरात कामाला अनुकूल वातावरण असं नाहीच.

२८ जुलै.
वैजीनाथचा निरोप. दमणी धाडू का? त्याची हिंमतच कशी होते? उलट निरोप दिला, वेशीपाशी उभा राहा आणि धूळ खा.
कमलने पेटी भरली. दोनदा उघडून पुन्हा लावली.

२९ जुलै.
आज तिला क्लच समजावून सांगितला. या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकाला पोचते. सोपं करून सांगण्याची माझी हातोटी आहे. मग एकेका चकतीला दोन्ही अंगांनी बैलगाडीचं वंगण चोपडायला बसलो. अस्सल, आसाला घालतात ते. जे फिरतं त्याला वंगण लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.
ती बघत उभी राहिली. म्हणाली, "ज्यानं धरून ठिवायचं, त्येलाच वंगण लावल्यावर त्ये कसं धरंल?"
मी पान्यासकट उठलो. बायकांनी यंत्रशास्त्रात बोलू नये असं सुनावलं. माझा आवाज धुरपदाबाईंपर्यंत गेला असावा, कारण त्यांनी खिडकी लावून घेतली. लावू द्या.

३१ जुलै, चौथ. सकाळी.
सगळं जोडून तयार. दोन वायसर उरले. ते कंपनीने जास्तीचे दिले असणार. कमलला भावाचा उपास. नवं लुगडं नेसली आहे. पोरीसारखी आत-बाहेर करते आहे.

दुपारी.
लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.
गल्ली लोटली होती. इंजिन पहिल्या लाथेला सुरू. कमल मांडीवर पेटी घेऊन मागे बसली. गिअर टाकला. क्लच सोडला. फटफटी जागच्या जागी. आणखी पेट्रोल दिलं. गल्लीभर धूर, कानठळ्या बसतील असा आवाज, आणि चाक ढिम्म हलेना. असं बराच वेळ चाललं. लोक आधी लांब सरकले होते, ते जवळ आले. मागून कमल म्हणाली, "अवं, मी उतरू का?"
कारण उघड आहे. पेटी जड. शिवाय आमची गल्ली किंचित चढाची आहे, कुणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोलमध्येही काहीतरी मिसळतात.
धुरपदाबाई खिडकी उघडून बघत होत्या. तेव्हा बरी उघडली.

१ ऑगस्ट, पंचमी.
आज चिरणं-कापणं नाही, तवा नाही, नांगर नाही. जमिनीला लोखंड लावायचं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण घरच्या श्रद्धेचा मान म्हणून पाना हातात घेतला नाही. नाहीतर आजच चकत्या काढून मोकळा झालो असतो.
कमल पहिल्या बसने गेली. मला न विचारता. पेटी तिच्या डोक्यावर, एक भलंमोठं गाठोडं धुरपदाबाईंच्या डोक्यावर. मी फार चिडलो होतो, तरी स्टँडपर्यंत गेलो. म्हटलं, पोळ्याच्या आत तुला फटफटीवरून परत आणतो. सगळी बोरी बघेल.
बसमध्ये चढून तिने शांतपणे सांगितलं, "या की. फटफटी चालाय लागली की तिच्यावरच या न्यायला. तवर मी हाय तिथंच."
बस निघाली. मला भरून आलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने माझ्या कामावर विश्वास दाखवला. लोकांदेखत.

संध्याकाळी.
चकत्या पुसायला जुनं कापड हवं होतं, म्हणून फडताळ उघडलं. दोन्ही गोधड्या नाहीत. थंडीतली घोंगडी नाही. तिची लोकरीची शालसुद्धा नाही.
बोरीला श्रावणात एवढी थंडी पडते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.