गच्चीवरचा पाईप उघडा ठेवण्याबाबत

मी, भामा कमळाकर घरत, वय अडुसष्ट, राहणार कोन, तालुका पनवेल, आज पूर्ण शुद्धीत आणि खुशीत हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे एक यजमान होते, ते सहा वर्षांपूर्वी वारले. गेल्या वर्षी केलेल्या मृत्युपत्रात मी घर विकून टाका असं लिहिलं होतं, ते आजपासून रद्द. तेव्हा घरात वास होता आणि माझं मन विटलं होतं. आता वास नाही.

१. घर. सरकारने मिठागर घेतलं त्याच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर हे घर उभं आहे, आणि दोन्ही माझ्या एकटीच्या नावावर आहेत. तळमजला थोरला मुलगा निकेश आणि सून अंकिता यांना मिळून द्यावा. वरचा मजला धाकट्या प्रणितला नाही, त्याच्या बायकोला, मनस्वीला, तिच्या एकटीच्या नावे द्यावा. वकीलसाहेबांनी दोनदा विचारलं, लिहिण्यात चूक तर नाही ना? चूक नाही. प्रणितने तिथे बायकोच्या मर्जीने राहावं, आणि मर्जी कशी राखायची ते या वयात तरी शिकावं. कारण खाली लिहिते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की सुनेने म्हातारीला भुलवलं.

मनस्वी उरणच्या कोळ्यांची. प्रणितने स्वतः पसंत केलेली. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी, तेव्हा गच्चीवर मांडव घालून सगळ्या गावाला जेवण दिलं. ती सून होऊन आली आणि आठवड्याभरात घरात संडासाचा वास सुटला. वर कोणी फ्लश केला की खाली मोरीत गुडगुड व्हायचं आणि जेवणारा माणूस ताट सारून उठायचा. सगळे म्हणाले, हिची सुकी मासळी. मासळी बंद केली. माझी सुकटसुद्धा बंद झाली, ते दुःख वेगळंच, पण वास होता तिथेच होता. मग माझी नणंद शकू, आपट्याला दिलेली, चार बायकांत बोलली, "वयनी, पोर आली नि वास आला. पाय बरे नाय पोरीचे." मी तिथल्या तिथे सुनावलं, "शकू, पायांचा वास असता तर चपलांना आला असता, संडासाला कशाला येईल?" बायका हसल्या, पण बोलणं गावभर फिरायचं ते फिरलंच.

प्लंबर आले. पहिल्याने कमोड उचलून खालचा जोड नव्याने भरला. तो गळत होता हे खरं, कारण तळमजल्याच्या छताची ओल तेव्हापासून थांबली. दुसऱ्याने मोरीच्या जाळीखालचे नहाणी ट्रॅप बदलले. शौचाची टाकी उपसून झाली, धूप, कापूर, फिनेल झालं, वास काही हलेना. शेवटी शकूने देवऋषी आणला. त्याने लिंबू कापलं आणि मान वळवून मनस्वीकडे बघितलं. तिने बॅग भरली. प्रणित दारात उभा राहिला, नुसताच उभा राहिला. ती उरणला गेली ती गणपतीलाही आली नाही, आणि त्याच दिवसांत मी घर विकायचं लिहून टाकलं.

पोरीशिवाय घर खायला उठायचं. एका दुपारी मी प्रणितला हळदीचा व्हिडिओ लावायला सांगितला, तेवढंच तिचं तोंड दिसेल म्हणून. त्यात शकू नाचत होती आणि तिच्यामागे झेंडूच्या माळा गुंडाळलेला उंच खांब. मी म्हटलं, थांबव. आमच्या गच्चीवर खांब नाहीच! तो शौचाच्या टाकीचा गॅस पाईप होता. गुडघे विसरून वर गेले. माळा केव्हाच वाळून गेल्या होत्या, पण मांडववाल्याने पाइपाच्या तोंडावर बांधलेली जाड प्लास्टिकची पिशवी माळांच्याच तारेने आवळलेली तशीच होती. ती यजमानांनी पावसासाठी बांधली असावी असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि गेलेल्या माणसाच्या हातचं म्हणून कोणी सोडली नव्हती. वरून हवा मिळेना, म्हणून प्रत्येक फ्लश मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून न्यायचा. वास अडवतं ते तेच पाणी. ते गेलं की टाकीचा वास सरळ घरात. प्रणितने तार कापली, ट्रॅपमध्ये पाणी ओतलं, आणि दोन दिवसांत घराला घराचा वास आला. मी मोरीत उभी राहून नाक भरून श्वास घेतला आणि रडले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

मनस्वीला आणायला मी स्वतः प्रणितला घेऊन गेले. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, वास गेला म्हून बोलवता ना? उद्या परत आला तं? मी परत बॅग भरायची?" प्रणितने तिच्या आईसमोर कान धरले म्हणून ती आली, पण प्रश्न माझ्याकडे राहिला. हे मृत्युपत्र माझं उत्तर आहे. वरचा मजला तिचा. तिला तिच्या घरातून कोणी जा म्हणू शकणार नाही, वास आला तरी, नाही आला तरी.

२. गच्ची आणि पाईप दोन्ही मजल्यांत सामाईक. पाईप आता माणसाच्या डोक्यापेक्षा उंच केला आहे आणि तोंडाला जाळी आहे. हळद, बारसं, सत्यनारायण, काहीही असो, तोंडावर काही बांधायचं नाही. पाहुण्यांची मोरी वापरात नसली तरी तिच्यात शनिवारी तांब्याभर पाणी ओतावं. फ्लशची टाकी झिरपते असं वाटलं तर टाकीत चमचाभर हळद टाकून, फ्लश न करता अर्धा तास थांबावं. खाली कमोडचं भांडं पिवळं झालं तर टाकीतला रबरी वायसर बदलावा. प्लंबरला बोलावण्याआधी हे करावं, आणि माणसाला बोल लावण्याआधी तर नक्कीच.

३. बँकेतली ठेव दोन्ही मुलांनी सारखी घ्यावी, टाकी उपसण्याचा खर्च बाजूला काढून. यजमानांचे पाने आणि पकडी मनस्वीला. वायसर तीच बदलते. प्रणित टॉर्च धरतो, आणि तोही तिच्या डोळ्यांवर.

४. शकू. पिशवीचं कळल्यावर मी तिला फोन केला होता. म्हणाली, "जेवणावर वास नको म्हून मी झाकाय सांगितलं. उघडायचं काम तुमचं नाय?" तीन महिने आम्ही बोललो नाही. तरी सासूबाईंची ठुशी त्यांच्या लेकीकडे जावी, म्हणून तिच्या नावे लिहायला घेतली आणि साक्षीलाही तिलाच बोलावलं. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदारालाच काही दिलं तर उद्या कोणी शंका काढेल, दोन्हींतलं एक ठरवा. मी शकूला सगळा मजकूर वाचून दाखवला आणि निवड तिच्यावर सोडली. तिने माझ्यापुढचं पेन ओढून घेतलं. मग म्हणाली, "ठुशी त्या पोरीला दे. सई मी करते."

म्हणून ठुशी मनस्वीला.

हे सगळं वाचून, समजून, पंख्याखाली निवांत बसून सही केली.

भामा कमळाकर घरत
ठिकाण: पनवेल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली:

१. मिथुन हरी भोईर, शेजारी, राहणार कोन. (सही)

२. शकुंतला बुधाजी कडू, राहणार आपटा. (सही, आणि तिच्याच हाताने पुढे लिहिलेलं:) पोरीचा दोष नव्हता. बोलली ती मी.