सातव्या खाटेची नाडी

४ नोव्हेंबर
ब्रनो शहर आवडलं. ट्राममधून उतरलं की समोरच हॉस्पिटल. माझं टेबल हृदयविभागाला लागून, खिडकीतून छान ऊन येतं. क्वेता सिस्टरने पहिल्याच दिवशी लसणाचं सूप पाजलं आणि विचारलं, एवढी काडी दोब्रोमिला या मशिनींना दम कसा देणार. मग माझा वरिष्ठ रादोवान याने काम समजावलं. इथला सर्व्हर खाटांवरच्या पेशंटांच्या नाड्या बघतो, तो क्षणभरही बंद करता येत नाही. म्हणून कर्नलमधली, म्हणजे त्याच्या प्रणालीच्या गाभ्यातली चूक तो चालू असतानाच दुरुस्त करायची. चालू असलेल्या प्रत्येक कामाने जुन्या कोडमधून पाय काढला, की मगच त्याला नव्यावर न्यायचं. घाई केली तर जुनं आणि नवं एकाच जागी लिहायला धावतात. आधी कोण पोचेल, सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर
पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, चढवला. दोनशे बारा कामं सरकली, एक अडून बसलंय. सात नंबरच्या खाटेची नाडी मोजणारं. रादोवान म्हणाला, वाट बघ, निघेल.

११ नोव्हेंबर
निघालं नाही. खाट बघायला गेले तर तिथे चादरींचं कपाट. क्वेता म्हणाली, वाव्रिनेत्स आजोबा मार्चमध्ये गेले, तेव्हाच खाट काढली. ते तिला खारूताई म्हणायचे. दुसऱ्या कुणाची तेवढी हिंमत नव्हती, असं म्हणून हसली. मी तिला सांगितलं नाही, पण ते काम नुसतं अडलेलं नाही. मिनिटाला अठ्ठावन्न ठोके मोजतंय. कपाटामागची तार कापलेली आहे.

१२ नोव्हेंबर
सकाळी त्या जुन्या चुकीने दोन मॉनिटर गोठले. रादोवान ओस्त्रावा शहरी गेलेला, फोन लागेना. अडलेलं काम सक्तीने सरकवायची एक आज्ञा असते. ती वापरायची नाही, असं त्याने बजावलं होतं. दुपारी मी ती दिली. सगळं हिरवं. खाट सात यादीतून गेली.

१३ नोव्हेंबर
खाट तीनवरचे होवोर्का, वय पस्तीस, परवाच दाखल झालेत. काल नाडी नव्वद. आज अठ्ठावन्न. क्वेता औषध द्यायला वाकली तर तिला म्हणाले, "खारूताई, खिडकी लाव गं."
तिच्या हातून ट्रे पडला.

१४ नोव्हेंबर
पॅच मागे घेतला. एक काम अडलं – खाट तीन. होवोर्कांची बायको दारात रडत होती. ते तिला ओळखत नाहीत. मी जवळ गेले तर माझं मनगट धरलं. आवाज म्हाताऱ्याचा.
"मी अजून निघालो नव्हतो. थांबायचं होतंस ना, पोरी."

१५ नोव्हेंबर
होवोर्का सकाळी गेले. रादोवान परत आलाय – यादी बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. खाट तीन रिकामी, आणि मोजणी चालूच – अठ्ठावन्न –
त्यांनी धरलं होतं त्याच मनगटावर बोटं ठेवली. दोन ठोके. एक माझा. दुसरा त्याच्या आधी पोचतो, आणि मग माझा