चुन्याचा तुकडा, डिझेलचा तुकडा

आण्णा,

आज नऊ एप्रिल. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी पाटोद्याच्या पुढच्या चढावर, तीन मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी ठेवून, गाल डांबराला टेकवून पालथा पडलो होतो. आता बारा वाजत आलेत आणि लॅबमध्ये बसून हे लिहितोय. जे झालं ते तुम्हालाच आधी सांगावंसं वाटतंय.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. दहावीला शाळा सुटली आणि पुढं डांबर प्लांटवरच्या लॅबमध्ये लागलो. खडी-डांबराचा गरम माल साच्यात घालून गोळे पाडतो, दोन्ही बाजूंनी पंच्याहत्तर ठोके, एकही कमी नाही. मग काही कोरडे आणि काही गरम पाण्यात ठेवून दाबून फोडतो. त्यावरून रस्ता टिकेल की नाही ते सांगायचं. तुम्ही रस्त्याच्या कामावरून आलात की या लॅबवाल्यांवरच चिडायचात. चुलीपाशी बसून आईला म्हणायचात, “गोळा पास हुतो अन् रस्ता नापास. मग रस्त्याचीच परीक्षा कावून घेत न्हाईत?”

गेल्या वर्षी माझ्यावर तीच वेळ आली. गोळे सगळे पास, आणि नव्या रस्त्यावर ठिकठिकाणी माल मऊ पडलेला, खडी सुटलेली. प्लांटच्या साहेबांना वाटलं, मी आकडे मनानेच लिहितो. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू, म्हणाले. मी टेप घेऊन खराब जागांमधलं अंतर मोजत गेलो. ते जवळजवळ सारखंच निघालं, एका टिपरचा माल पुरतो तेवढं. टेप तशीच हातात राहिली, आण्णा. डोळ्यांपुढं तुम्ही आलात: रिकाम्या टिपरमध्ये उभे आहात, माल चिकटू नये म्हणून डिझेलमध्ये बुडवलेलं पोतं तळाला फिरवताय, मागच्या फाळक्याजवळ अजून थोडं ओतताय. मी डबा घेऊन आलोय तर म्हणताय, लांब ऱ्हा, कपडे खराब हुतील. डिझेल डांबर विरघळवतं, म्हणून प्रत्येक टिपरचा तळातला, फाळक्याजवळचा माल मऊ पडत होता. आणि मी नमुना घ्यायचो तो माल टिपरमध्ये पडायच्या आधी. गोळा खरं तेच सांगत होता, पण रस्त्यावर पोचणाऱ्या मालाबद्दल नाही.

मग टिपरच्या तळातला माल आणून गोळे पाडले. पाण्यातून काढल्यावर बोटांनीच त्यांचा भुगा झाला. साहेबांच्या हातापाया पडून चढावर एक तुकडा नेहमीसारखा करून घेतला आणि त्याला लागून दुसरा, टिपरला चुन्याचं पाणी मारून. ड्रायव्हर म्हणाला, “बे लॅबवाल्या, टिपरला चुना मारतो व्हय? लगीन हाय का त्याचं?” सगळे हसले, साहेबसुद्धा. मी रजिस्टरमध्ये लिहिलं की उसाचा हंगाम संपेपर्यंत डिझेलचा तुकडा दबेल, चुन्याचा टिकेल. मग चार-पाच महिने कडा गावच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्या चढावरून रांगत गेले.

आज पट्टी ठेवली. डिझेलच्या तुकड्यावर, चाकं जातात तिथं, पट्टीखालून पलीकडचा उजेड दिसला. अख्खं बोट आत गेलं. चुन्याच्या तुकड्यावर नखही जाईना. चार ठिकाणी पट्टी सरकवून पाहिली, तेच. मग साहेब स्वतः पालथे पडले, पांढऱ्या शर्टात. उठून शर्ट न झटकता ड्रायव्हरला म्हणाले, “आजपासून टिपरला डिझेल बंद. हा सांगेल तसं करायचं.” हा म्हणजे मी, आण्णा.

हे पत्र घरी नेणार नाही, लॅबच्या कपाटातच ठेवणार. घरी आई वाचून दाखव म्हणेल, आणि तुमच्या हातातलं ते पोतं मला तिला ऐकवायचं नाही. अजून एक, जे साहेबांनाही ठाऊक नाही. रजिस्टरमधला तो अंदाज मी पेन्सिलीनं लिहिला होता, चुकला तर खोडता यावा म्हणून. आज त्यांच्यापुढं ठेवण्याआधी त्यावरून पेन फिरवला.