लायलॅक फुलला, पण भिंतीपलीकडे

ती. अक्का यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच आहे? माझी तब्येत उत्तम आहे (स्वतःच्या हातचं खाऊनही).

तुमच्या धाकट्या बहिणीला अंगणात लायलॅक हवा होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जांभळ्या फुलांचे घोस, घरभर सुवास, झाडाखाली दोन खुर्च्या, एवढंच तिचं स्वप्न. मी रोप आणून भिंतीलगत लावलं. झाड वाढलं, पण वेडंवाकडं. आता मी पडलो शिंपी, उभा जन्म कापड बेतण्यात गेला. लोंबती कड मला बघवत नाही. दर हिवाळ्यात मी कात्री घेऊन त्याला असं नेटकं कापायचो, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं शिंप्याचा पत्ता विचारावा. "अहो, रोपवाल्या बाई सांगत होत्या, याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. थंडीत कापू नका," असं ही म्हणाली. मी म्हटलं, "बाईंनी रोपं विकावीत, बेत माझ्यावर सोडावा." परिणाम असा, की झाड हिरवंगार, सुबक, आणि फुलांच्या नावानं पूज्य.

यंदा मात्र फुललं, अक्का! अगदी लगडून फुललं. फक्त भिंतीपलीकडे. काही फांद्या तिकडे झुकल्या होत्या आणि तिथे माझी कात्री पोचत नव्हती. पलीकडे दातांचे डॉक्टर राहतात. त्या माणसानं आयुष्यात कुठल्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं नसेल, पण खुर्च्या टाकून सहकुटुंब बसले. ही त्यांच्याकडे चहाला जाऊ लागली. मी आमच्या बाजूनं स्टुलावर चढून वास घेत होतो, तर डॉक्टर म्हणाले, "मास्तर, इकडेच या की!" स्वतःच्या झाडाखाली पाहुणा म्हणून जायचं? मी म्हटलं, "मला सर्दी झालीय." (सर्दी झालेला माणूस स्टुलावर चढून वास का घेतो, हे त्यांनी विचारलं नाही. सभ्य माणसांचा हाच त्रास असतो.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी बादलीभर फुलं आणून दिली. हिनं ती हौसेनं खोल्याखोल्यांत मांडली आणि माझं डोकं फिरलं. आमचीच फुलं आम्हाला दान! मी ती सगळी उचलून खताच्या खड्ड्यात टाकून आलो. वाटलं, आता ही भांडेल. हिनं रिकामी बादली घासून डॉक्टरांना परत नेऊन दिली. अक्का, त्यापेक्षा भांडी आपटलेली परवडतात.

असो. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुमचा,
मास्तर

ता. क. ही तुमच्याकडे हवापालटाला आली आहे, असं मी गल्लीत सांगतोय. खरं कारण तिनं तुम्हाला सांगितलं नसेल, तर वर आलंच आहे. सांगितलं असेल, तर तिचंच खरं धरा. तिला परत पाठवाल का? फुलं अजून आहेत, पण फार दिवस टिकणार नाहीत. मी रोज चुकून दोन कप चहा करतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात.

आणखी एक ता. क. "फुलं कुठल्या बाजूला बसून बघायची?" असं तिनं विचारलंच, तर मधली भिंत पाडायचं ठरलंय म्हणून सांगा. (डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. भिंत त्यांची आहे.)