पापडीहून आलेला बाक

बाई, दुकानातला तुमचा बाक ठेवायचा की काढायचा, हे आज ठरवायचं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुकानाचा काही निर्णय घ्यायचा म्हटलं की माझे कान आपसूक दाराकडे लागतात.

दुकान नवं होतं तेव्हाचा एक रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून तुम्ही पापडीहून येताय आणि मी एका गिऱ्हाइकापुढे हातवारे करून कादंबरीची तारीफ करतोय. त्याच्यादेखतच तुम्ही म्हणालात, "केळी विकायला बसलायस का रे? हेच शिकवलं का मी शाळेत? पहिलं पान वाचून दाखव आणि गप्प बस." मी वाचलं, गप्प बसलो. त्याच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी इतका वेळ चुळबुळत होती, ती थांबली. मला ते ऐकू आलं. पुस्तक गेलं. पुढच्या आठवड्यात तुमच्या ओट्यावरचा बाक हातगाडीवरून दुकानात हजर. "उभ्या माणसाचा जीव चपलेत असतो, त्याला बसव आधी," म्हणालात. बाई, त्या बाकावर माझा संसार उभा राहिला. माणूस बसायचा, मी वाचायचो आणि पिशवी कधी थांबते ते ऐकायचो.

लोक आजही बसतात. परवा उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगमधली एक मुलगी ऐकता ऐकता अगदी स्थिर झाली. मी मनात म्हटलं, गेलं हे पुस्तक. तिने कव्हरचा फोटो काढला. "काका, काय भारी वाचता हो! ऑनलाइन स्वस्त आहे, उद्या घरी येईल." अंगठा चालूच. "ऑर्डर होईपर्यंत पुढचं पान पण वाचा ना." वाचलं. काय करणार, ऐकणारी चांगली होती.

आणि एक जुनं गिऱ्हाईक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हल्ली येतात ते पिशवीशिवाय, रिकाम्या हातांनी. चोरी पकडल्यासारखं हसून म्हणाले, "रागावू नका, शेठ. फोनवरच्या पुस्तकात अक्षर वाटाण्याएवढं करता येतं." मला तुमचं भिंग आठवलं. शेवटी भिंगानेही भागेना, तेव्हा संध्याकाळी दुकान बायकोवर टाकून मी तुमच्या ओट्यावर वाचायला येतोय. तुम्ही डोळे मिटून ऐकताय आणि मी चुकलो की चष्म्याची काडी खुर्चीच्या हातावर वाजवताय. तेव्हा असा फोन असता तर तुमचं तुम्हीच वाचलं असतंत, मला बोलावलंच नसतंत. तो उशिरा आला याचं मला बरं वाटतं. हे काही चांगलं नाही, पण वाटतं.

आज ऑनलाइन पार्सलांचं काम बघणारा तरुण पुन्हा आला. "अंकल, पुस्तकं कोण घेतंय आता? कपाटं हटवा, पार्सलं ठेवू. लोक इथूनच घेऊन जातील, तुम्हाला भाडं सुटेल. फक्त हा बाकडा काढा, तिथे रॅक लागेल." आतून बायको म्हणाली, "हो म्हणा हो. नाहीतर गाळा विकायची पाळी येईल." तिचं बरोबर होतं. धंदा मलाही कळतो.

मी हो म्हटलं. दोन सोडून बाकीची कपाटं दिली. पार्सल न्यायला का होईना, माणसं दारात येतील, हाही हिशेब मनात होता. बाक मात्र हलवू दिला नाही. त्याने कारण विचारलं, तर मांडीवर हात ठेवून कण्हलो, "गुडघे गेलेत रे माझे. बसायला लागतो." बिचाऱ्याला दया आली. रॅक मागच्या भिंतीला लावू म्हणाला, जाताना हात धरून मला बाकावर बसवूनही गेला.

त्याच बाकावर बसून हे लिहितोय. दिवसभर लोकांची पार्सलं हाताळणार मी, पण हे कुठल्या पत्त्यावर पाठवू? राहू दे इथेच.

गुडघे माझे ठणठणीत आहेत, बाई.