नीलाचं ‘अहो’

विलेपार्ले,
ता. २६ नोव्हेंबर १९५६

प्रिय विद्याधर,

मी बरा आहे, तूही असशील. झाली विचारपूस.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. मी विचारलं, नीला बरी होईल का? आणि तू डॉक्टरकीचा अभ्यास तोंडावर फेकलास! म्हणे, मार बसला तेव्हा मेंदूतल्या थोड्याच पेशी मेल्या. बाकीच्या नंतर. आत सूज आली, कवटी काही हटत नाही, रक्त पोचेना, पेशी गुदमरल्या. आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. अरे, पालीची शेपटी उगवते!

आकाशकंदील लावताना स्टुलावरून पडली, तेव्हा उठून हसली होती रे ती. "श्याम्या, कंदील फाटला नाही ना?" तिचे मामा म्हणाले, टेंगूळ आहे, हळद लावा. हळद! दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, मग गुंगी, मग हॉस्पिटल. म्हणजे आत मरणं चालूच होतं आणि आम्ही बाहेर चकल्या खात होतो.

आता घरी आणलंय. चालते, जेवते, वेणी स्वतः घालते. काल गेलो. दार तिनेच उघडलं. म्हणाली, "अहो, या ना."

अहो! आजवर नुसतं श्याम्या. मुलगी अहो कुणाला म्हणते, तुला सांगायला नको. मी चप्पल काढायलाच विसरलो. तिच्या आईकडे बघून चक्क लाजलो, यार.

मग म्हणाली, "बाबा आंघोळीला गेलेत. कोण आलंय म्हणून सांगू?"

आई रिकामं पातेलं उचलून आत गेली.

मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

"काय करता?"

"बिस्किटांच्या कारखान्यात कारकून."

"आणि कॉलेज?"

"मधेच सोडलं."

"अहो, का सोडलंत?"

याच प्रश्नावरून गेल्या वर्षी ती कडाकडा भांडली होती, महिनाभर बोलली नव्हती. लग्नाची मागणी घालायची तर आधी नोकरी हवी, म्हणून सोडलं. तेव्हा तिला सांगायची छाती झाली नाही. तुलाही आजच सांगतोय. काल सांगणार कुणाला?

म्हणालो, "गणित जमेना."

"जमेल हो," ती म्हणाली. "पुन्हा बसा परीक्षेला."

निघताना तिचे बाबा जिन्यापर्यंत आले. "श्यामकांत, येत जाऊ नकोस. तिला शीण होतो." मी हो म्हटलं नाही.

तुझ्या पुस्तकातलं आता काही कळवू नकोस. पुढच्या रविवारी मी जाणार. मी काही मेलेलो नाही.

तुझा,
श्यामकांत