दुसऱ्या आल्बममधला चौथा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

एकदाचा लागलो बाबा बँडला! मांगवोन भागातल्या तळघरातल्या स्टुडिओत आज माझा बास जोडला. यांचा पहिला आल्बम नाचरा होता, लोकांच्या लग्नातसुद्धा वाजायचा. दुसऱ्यात मात्र, गी-हान ह्योंग म्हणाला, ज्याने त्याने आपलं सगळ्यात दुखरं तेच गायचं, एक अक्षर खोटं चालणार नाही. बँड त्याचा, वयानेही तो थोरला, म्हणून ह्योंग, म्हणजे दादा; मी मान डोलावली. ड्रमवाल्या सांग-उकने जाजांगम्यॉन नूडल्स मागवल्या आणि नवी सून माहेरून उपाशी आली वाटतं म्हणून माझी टर उडवली. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गी-हानने आईवरचं गाणं एका दमात गायलं. ती मोकफोला मासळी विकते. हातांना वास येतो म्हणून लहानपणी तो रस्त्यात तिचा हात धरायचा नाही. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग बघणारी मि-ग्योंग नूना, म्हणजे ताई, म्हणाली, मागे आणखी कुणीतरी गातंय. सगळ्यांनी कान लावला. खरंच आवाज होता, बारीकसा, बाईचा की पुरुषाचा कळेना.

आम्ही टाळ्याच पिटल्या. रेकॉर्डिंगला भूत आलं की आल्बम चाललाच, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सांग-उकने खोलीत रिकामी खुर्ची मांडली, तांदळाच्या दारूचा, माक्कॉलीचा वाडगा ठेवला, वाकून म्हणाला, मालक, लाजू नका, रोज येत जा. मीही वाकलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या लेकीचा, सोल-आचा दिवस. सात वर्षांची झाली. घटस्फोटानंतर ती आईजवळ देजॉनला असते, मला एक शनिवार आड मिळते. तिखट त्तॉकबोक्कीने तोंड पोळलं तरी हट्टाने संपवलं तिने. स्टेशनवर माझी बाही सोडेना. गाडी गेल्यावर बाकावर बसून रडलो. माझं दुखरं गाणं हेच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गी-हानला आईचा फोन आला. मावशी, चुकीचा नंबर लागलाय, असं अदबीने सांगून त्याने ठेवला. आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती रडत होती. कोण असेल रे ही बिचारी, असं त्याने मलाच विचारलं.

तो चेष्टा करत नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सांग-उक गायला, वारलेल्या भावावर. आवाज पुन्हा आला, मोठा. आज त्याने ड्रमच्या पेटीत चिकटवलेला भावाचा फोटो काढला, हा कोण ठोंब्या म्हणाला आणि कचऱ्यात टाकला.

तो आवाज पुसून टाक, असं मी नूनाला विनवलं. ती म्हणाली, डोकं फिरलंय का तुझं, दारात आलेलं नशीब कुणी हाकलतं का? आता फक्त माझं गाणं राहिलंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून ठेवतो. सोल-आ माझी मुलगी. माझा तिच्यावर जीव आहे. तिला या तळघरात येऊ द्यायचं नाही. मी गाणार नाही.

पण ते दोघं शांत झोपतात. पोटभर जेवतात. मला त्यांचा हेवा वाटतो. लाज वाटते लिहायला, पण वाटतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गायलो. एकदाच. दुखायचं थांबावं म्हणून—

थांबलं.

भूक लागली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी एक बाई स्टुडिओच्या दारात मुलगी सोडून गेली. माझी पाळी आहे म्हणे. मुलगी मला बाबा म्हणते. नाव विचारलं तर रडायला लागली.

वही चाळली. अक्षर माझंच. म्हणजे ती माझी.

काही वाटत नाही.

गी-हान म्हणाला, पोरीचा गळा गोड आहे, बापावर दोन ओळी गाऊन घेऊ. मी हरकत घेतली नाही. नूनाने तिला हेडफोन घातले. मोठे होतात, हाताने धरून उभी आहे.

अठरा तारखेचं पान आत्ता वाचलं. तिला येऊ द्यायचं नव्हतं. का, ते आतून समजत नाही. पण लिहिलंय. एवढी ओळ पुरी करून उठतो—

लाल दिवा लागला. काचेतून माझ्याकडे बघून हात हलवला तिने. गाते आहे. तिच्याबरोबर आणखी— उठतो. हे लिहून—

संपलं वाटतं गाणं. इकडेच बघते आहे. मी हात हलवला. ती वळून नूनाला काहीतरी विचारते आहे, माझ्याकडे बोट दाखवून, हे काका—